चावी देणाऱ्याची सही

माझ्या लायसन्सवर हेवीचा शिक्का २०११ पासून आहे. भोरहून पुण्यात आलो तेव्हा मामा म्हणाले होते, "लाईटला वर्ष झालं की लगेच हेवी काढून ठेव. ठेवलेलं वाया जात नाही." काढलं. मग कामाला लागलो ते सतरा सीटर ट्रॅव्हलरवर, आणि पुढची सगळी वर्षं तीच चालवली. हिंजवडीच्या कंपन्यांची माणसं सकाळी उचलायची, संध्याकाळी सोडायची. मधल्या काळात मॉडेलं बदलली, एसी आला, कॅमेरे लागले, पण डाव्या पायाखाली क्लच आणि डाव्या हाताला गिअर एवढं कायम राहिलं. हेवीचा शिक्का मुदत संपली की रिन्यू होत गेला. टेस्टचा दिवस सोडला तर मोठ्या गाडीच्या सीटवर मी कधी बसलो नव्हतो. असे ड्रायव्हर पुण्यात पुष्कळ आहेत.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात शेठचा फोन आला. शेठ म्हणजे आमचे ट्रान्सपोर्ट कॉन्ट्रॅक्टर. माणूस वाईट नाही, पगार वेळेवर देतो.

"कंपनीला इलेक्ट्रिक पाहिजे. नऊ मीटरच्या घेतल्यात. तुझं हेवी आहे ना? सोमवारपासून खेड शिवापूरचा रूट तुझ्याकडे."

"शेठ, ती ऑटोमॅटिक असते. मी कधी चालवली नाही."

"अरे, गिअरच नाही तिला. पोरंसुद्धा चालवतात."

हे वाक्य मला नंतर इतक्या जणांनी ऐकवलं की मोजणं सोडून दिलं. गिअर नाही म्हणजे सोपी. गाडी विकणारा हेच म्हणतो, विकत घेणारा हेच म्हणतो, आणि ज्याने आयुष्यात बस चालवलेली नाही तो तर छातीठोक म्हणतो.

आमचं ट्रेनिंग ताथवड्याच्या यार्डात झालं. गाड्या पोचवायला आलेला एक मुलगा होता, गुणी पोरगं, बावीस-तेवीसचं असेल. त्याने डॅशबोर्डवरचे दिवे दाखवले, चार्जिंगची गन कशी लावायची ते दाखवलं, ॲपमध्ये चार्ज किती दिसतो ते दाखवलं. डी म्हणजे पुढे, आर म्हणजे मागे, एन म्हणजे न्यूट्रल. आम्ही ड्रायव्हर दारात आणि पायरीवर दाटीने उभे. गाडी जागची हलली नाही. शेवटी ऑफिसातल्या पोराने एक कागद फिरवला: 'सदर वाहनाचे प्रशिक्षण मला मिळाले असून वाहन सुरक्षित चालविण्याची जबाबदारी माझी राहील.' खाली आमची नावं, लायसन्स नंबर आणि सहीची जागा.

मी सही केली आणि शेजारी पेनाने लिहिलं, 'माहिती मिळाली. गाडी स्वतः चालवून पाहिलेली नाही.' ऑफिसातलं पोरगं म्हणालं, "काका, असं लिहीत नसतात." मी म्हटलं, खोटं लिहिलंय का? ते बिचारं कागद घेऊन गेलं.

डोक्यात कुर्ला होतं. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री मुंबईत कुर्ल्याला बेस्टच्या मार्गावरची बारा मीटरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. ड्रायव्हर आधी लहान, गिअरवाल्या बसवर होता आणि मोठ्या इलेक्ट्रिक बसचं ट्रेनिंग पुरेसं झालं होतं का, हा प्रश्न नंतर सगळ्या पेपरांत आला. आमच्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ कितीतरी दिवस फिरत होता. कुणी म्हणे दारू, कुणी म्हणे ब्रेक फेल. जुने लोक मात्र एकच विचारत होते: गाडी बदलली तेव्हा त्याला किती दिवस दिले?

लायसन्सचं असं आहे बघा. दुचाकीला सरकार गिअरवाली आणि विनागिअर असा फरक करतं. विनागिअरच्या लायसन्सवर बुलेट चालवता येत नाही. चारचाकीपासून वर हा फरक संपतो. गिअरची असो, ऑटोमॅटिक असो, डिझेल असो की बॅटरी, लायसन्सच्या दृष्टीने सगळं एक. त्यात ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की साडेसात हजार किलोपर्यंतची व्यावसायिक गाडी चालवायला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स पुरतं. गरीब ड्रायव्हरच्या दृष्टीने निकाल चांगला आहे, विम्याचे क्लेम अडकत होते ते सुटले. पण त्यामुळे लायसन्स बघून 'याला ही गाडी येते' असं समजणं आणखीच धाडसाचं झालं. धोकादायक माल नेणाऱ्या टँकरच्या ड्रायव्हरला वेगळं ट्रेनिंग आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. माणसं नेणाऱ्याला गाडीचा प्रकार बदलला तर काहीच लागत नाही. मोटार वाहन कायद्यात मालकाला एवढंच बंधन की विनालायसन्स माणसाच्या हाती गाडी देऊ नये. आमच्यासाठी १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट होता, जो आता नव्या लेबर कोडमध्ये गेला. त्यात दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस, विश्रांतीची खोली, गणवेश, सगळं होतं. नवी गाडी शिकवायची कुणी, याबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

आणि काही झालं तर? नुकसानभरपाईचा दावा मालकावर आणि विमा कंपनीवर जातो. गुन्हा ड्रायव्हरवर दाखल होतो. जुन्या आयपीसीत निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर ३०४ अ ला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत झाली. पैसे मालकाचे, तेही बहुतेक विम्यातून, आणि कोठडी आपली. असं असताना 'प्रशिक्षण मिळाले' या ओळीखाली सही फक्त आपली का घेतात, हे समजायला वकील लागत नाही.

सोमवारी मी गाडी घेऊन रूटवर गेलो नाही. शेठला सांगितलं, मोकळ्या गाडीवर आधी हात बसू द्या. शेठ म्हणाले, "तू वकील झालास का रे?" त्या आठवड्यात मला स्टँडबायला ठेवलं. म्हणजे यार्डात बसून राहायचं, ट्रिपचा भत्ता नाही. घरी काय सांगायचं हा प्रश्न होताच. बायको म्हणाली, "जेलात भत्ता मिळतो का?" तिचं सगळं असं थोडक्यात असतं.

पुढचं सगळं त्या एका ओळीमुळे झालं. कंपनीत कॉन्ट्रॅक्टरच्या गाड्यांची कागदपत्रं दर थोड्या दिवसांनी तपासतात: लायसन्स, बॅज, पोलीस व्हेरिफिकेशन, डोळ्यांची तपासणी, विमा, फिटनेस. तिथल्या सेफ्टीच्या मॅडमनी तो ट्रेनिंगचा कागद बघितला आणि मला बोलावून घेतलं.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो मॅडम."

"बाकीच्यांनी चालवून बघितली होती?"

"नाही मॅडम. कुणीच नाही. त्यांनी फक्त लिहिलं नाही."

मॅडम आधी चाकणला एका कारखान्यात होत्या. त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कुठे ऐकलं नव्हतं. तिथे शॉपफ्लोअरवर फोर्कलिफ्ट चालवायची असेल तर बाहेरचं लायसन्स असून भागत नाही. त्या फोर्कलिफ्टवर तपासून कंपनी स्वतःचं कार्ड देते, त्यावर फोटो आणि गाडीचा प्रकार. डिझेलच्या फोर्कलिफ्टचं कार्ड असलेला माणूस बॅटरीच्या स्टॅकरला, म्हणजे माल रचायच्या गाडीला, हात लावत नाही. लावला तर सुपरवायझरला विचारतात, ड्रायव्हरला नंतर. कारण फॅक्टरी ॲक्टमध्ये (तोही आता नव्या लेबर कोडमध्ये गेला) कलम ७-ए होतं. भोपाळ वायुकांडानंतर १९८७ च्या दुरुस्तीत ते आलं. कामगाराच्या सुरक्षिततेसाठी लागणारी माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख देणं हे कारखाना चालवणाऱ्याचं कर्तव्य, असं त्यात सरळ लिहिलं होतं.

"म्हणजे कंपाउंडच्या आत," मॅडम म्हणाल्या, "माणूस चालतो त्या वेगाने जाणाऱ्या गाडीला एवढं सगळं. आणि गेटच्या बाहेर आमचीच माणसं भरलेली बस, तिला एक सही."

आयटीचं ऑफिस हे काही कारखाना नाही, त्यामुळे ते कलम इथे जसंच्या तसं लागत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पण कंत्राटात अट घालायला कायद्याची वाट कशाला बघायची? त्यांनी शेठला मेल केला: त्या प्रकारच्या गाडीवर मोकळ्या जागेत आणि रस्त्यावर शिकवून, शिकवणाऱ्याने लिहून दिल्याशिवाय आमच्या रूटवर ड्रायव्हर चालणार नाही.

शेठ भडकले. मला वाटलं, आता नोकरी गेली. पण मीटिंगमध्ये ते बोलले त्यातलं बरंचसं खरं होतं. "तुम्हाला ग्रीन पाहिजे, रेट मात्र जुनाच पाहिजे. गाडी शिकायला फिरवली तर चार्जिंगचा खर्च माझा, ड्रायव्हरचा दिवस माझा, बँकेचा हप्ता माझा. तुमच्या वार्षिक अहवालात झाडाचं चित्र छापून येणार, आणि मी इथे रात्री झोपत नाही." मॅडमच्या शेजारी ॲडमिनचे साहेब बसले होते, ते खाली बघत होते. मला वाटतं जबाबदारीची गोष्ट निघाली की फक्त कॉन्ट्रॅक्टरकडे बोट दाखवणंही बरोबर नाही. किलोमीटरचा रेट ठरवताना शिकवण्याचा तास कुणी धरलाच नसेल तर तो शेवटी कुणाच्या तरी खिशातून चोरला जाणार, आणि तो खिसा बहुतेक ड्रायव्हरचा असतो.

बरीच घासाघीस झाली. कंपनी रविवारी हिंजवडी फेज ३ मधलं आपलं पार्किंग मोकळं देणार आणि चार्जिंग आपल्या पॉइंटवर फुकट करू देणार. शेठ ड्रायव्हरचा दिवस भरणार, भत्ता देणार नाहीत. शिकवणारा शेठनीच शोधायचा.

शेठनी शोधला तो माणूस मात्र हिरा निघाला. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. २००७ मध्ये पुण्याची सिटी बस पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली, त्याच्या आधीपासूनचे पीएमटीचे ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर भेकराईनगर डेपोतून निघणाऱ्या ई-बसवर ठेकेदाराकडे काही काळ होते. पुण्यात या बस २०१९ मध्ये आल्या तेव्हाचे अनुभव त्यांच्याकडे भरपूर. बोलणं कमी, तंबाखू जास्त.

पहिल्या रविवारी त्यांनी गाडी चालूच करू दिली नाही. मला सीटवर बसवलं आणि विचारलं, "पुढचं चाक कुठंय?" मी पुढे बोट केलं. "उतर आणि बघ." उतरलो तर चाक माझ्या सीटच्या मागे, पुढच्या दाराच्याही मागे. ट्रॅव्हलरमध्ये चाक पायाशी असतं, त्यामुळे आपण कोपऱ्यावर आलो की गाडी कोपऱ्यावर आलेली असते. बसमध्ये आपण चाकाच्या पुढे लटकलेले असतो. कोपरा आपल्या खांद्यामागे जाईपर्यंत स्टेअरिंग फिरवायचं नाही, नाहीतर मागचं चाक फुटपाथवर चढतं, आणि फुटपाथवर माणूस असतो. सांगायला एक वाक्य, पण हाताला पटायला सकाळ गेली. हात सवयीने आधीच वळतो.

मग शेपूट. मास्तरांनी मागच्या बंपरच्या शेजारी, जेमतेम हातभर अंतरावर, पाण्याचे रिकामे जार उभे केले. "गाडी भिंतीला लागून उभी आहे असं समज. आता उजवीकडे काढ." मी समोर बघत छान वळण घेतलं आणि मागे धडाधड जार पडले. मागच्या चाकाच्या मागे गाडीचा जो भाग उरतो तो वळताना उलट्या बाजूला झुलतो. पीएमपीच्या स्टॉपवर बस निघताना लोक एक पाऊल मागे का घेतात, ते मला त्या दिवशी कळलं.

क्लच नसण्याची गोष्ट दुसऱ्या रविवारी आली, आणि 'गिअर नाही म्हणजे सोपी' हे वाक्य तिथे निकालात निघालं. मास्तर म्हणाले, "डावा पाय सीटखाली ओढून घे. तो आता नोकरीवर नाही." थांबायची वेळ आली की डावा पाय आपोआप क्लच शोधायला जातो. तिथे क्लच नसतो, ब्रेकचं रुंद पेडल असतं. क्लच दाबायच्या जोराने ब्रेक दाबला गेला की मागची सगळी माणसं पुढच्या सीटवर आपटतात. एवढं तर अंदाजाने कळलं असतं. पुढचं नसतं कळलं.

"घाबरल्यावर गिअरच्या गाडीत तू काय करतोस?"

"ब्रेक मारतो."

"दोन्ही पाय मारतोस. क्लच आणि ब्रेक. क्लच दाबला की इंजिन चाकापासून सुटलं. मग उजवा पाय चुकून एक्सलेटरवर पडला असला तरी काय होईल?"

"इंजिन नुसतं ओरडेल."

"ओरडेल, आणि तुला कळेल की पाय चुकला. इथं क्लच नाही म्हणजे सोडवणारा कोणी नाही. इंजिन नाही म्हणजे ओरडणारा कोणी नाही. आणि मोटरचा जोर शून्यापासूनच पुरा असतो. पाय चुकला, तू समजतोस ब्रेक लागत नाही, म्हणून आणखी दाबतोस."

मी काही बोललो नाही. कुर्ल्याला नेमकं काय झालं ते कोर्टात ठरेल. पण असं होऊ शकतं, एवढं मला तेव्हा पहिल्यांदा पायात समजलं.

त्यानंतर मास्तरांचा एक खेळ सुरू झाला. चालण्याच्या वेगाने गाडी न्यायची आणि ते मागून कधीही पत्र्यावर थाप मारून ओरडणार, "ठोकली!" त्या क्षणी उजवा पाय टाच न फिरवता, पूर्ण उचलून ब्रेकवर. टाच जमिनीवर ठेवून नुसता पंजा फिरवला की पाय अर्धवट दोन्ही पेडलांवर पडू शकतो, म्हणून पाय उचलायचाच. हे इतक्या वेळा करवलं की संध्याकाळी मांडी भरून आली. आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला, "मास्तर, आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का?" मास्तर म्हणाले, "शाळेतली असता तर लवकर शिकला असता."

ब्रेकचंही वेगळं होतं. ट्रॅव्हलरचा ब्रेक आम्ही जरा पंप करतो, दोनदा दाबून अंदाज घेतो. इथे ब्रेक हवेचा. सारखा पंप केला तर टाकीतली हवा जाते. गाडी चालू केल्यावर हवेचा काटा वर येईपर्यंत थांबायचं, आणि पार्किंग ब्रेकचा नॉब सोडल्यावर पायाखाली ब्रेक आहे याची खात्री करून मगच डी. गाडी 'रेडी' असते तेव्हा काहीच आवाज नसतो, फक्त एक हिरवा दिवा. चालू गाडी बंद समजून उतरणारे ड्रायव्हर मास्तरांनी पाहिले होते. रस्त्यावरचा माणूसही आवाजावरच बाजूला होत असतो, त्यामुळे गल्लीत आणि गेटपाशी तो आपल्याला ऐकणार नाही असंच धरून चालायचं.

आग लागली तर काय, हे डिलिव्हरीच्या पोराने सांगितलं नव्हतं. मास्तरांनी सांगितलं: मेन स्विच कुठे, दार हाताने कसं उघडायचं, आधी माणसं उतरवून लांब न्यायची आणि बॅटरीची आग स्वतः विझवायच्या फंदात पडायचं नाही. केशरी रंगाच्या वायरीला हात लावायचा नाही. पावसात भुयारी मार्गात पाणी साचलं असेल तर गाडी घालायची नाही, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे. हे सगळं पटकन झालं, कारण यात हाताची सवय मोडायची नव्हती.

खरी परीक्षा नवले पुलाची होती. माझा रूट खेड शिवापूरहून निघतो, चढ चढून कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडतो आणि मग नऱ्हे, नवले पूल अशी लांबलचक उतरण लागते. त्या उताराबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. डिझेल वाचवायला ट्रकवाले न्यूट्रल करतात, ब्रेक तापतात, आणि खाली वाहतूक तुंबलेली असते. ट्रॅव्हलरला मी तिथे खालच्या गिअरवर उतरायचो. गाडी इंजिनवर धरली जायची.

"हिला कुठला खालचा गिअर?" मी विचारलं.

मास्तरांनी मला आधी बॅटरी सत्तर टक्क्यांवर असताना नेलं. बोगद्याच्या बाहेर पाय उचलला आणि गाडी आपोआप धरल्यासारखी मंदावली. पाय उचलला की मोटर उलटं काम करते, वीज बॅटरीत परत भरते आणि त्यातून गाडीचा वेग कमी होतो. मला वाटलं, हे तर इंजिनपेक्षा झकास. मास्तर काही बोलले नाहीत.

पुढच्या खेपेला गाडी रात्रभर चार्जिंगला लावून पूर्ण भरलेली. शिवापूरहून निघालो, चढाला थोडीशीच खाली आली. बोगद्याच्या बाहेर पाय उचलला, आणि गाडी धरेना. मोकळी सुटल्यासारखी निघाली. मी ब्रेकवर आलो, तेवढ्यात शेजारून शांत आवाज आला, "बॅटरी भरलेली आहे. वीज ठेवणार कुठं?"

बॅटरीत जागा नसेल तर परत येणारी वीज गाडी घेत नाही, म्हणून ते धरणंही कमी होतं. आणि माझी रोजची पहिली खेप नेमकी रात्रभर चार्ज केलेल्या गाडीची, तीसच्या आसपास माणसं भरून, त्याच उतारावर. मास्तर नसते तर हे मला एका सोमवारी सकाळी, एकट्याला, माणसं मागे असताना कळलं असतं. उपाय अगदी साधा आहे. बोगद्यातच वेग कमी करून बाहेर पडायचं, पायाचा ब्रेक आहे असं धरूनच उतरायचं, आणि एन कधीही करायचं नाही, कारण एनमध्ये मोटरचं धरणं पूर्णच सुटतं. शेठनी नंतर त्या रूटची गाडी रात्री पूर्ण भरायचीच नाही, थोडी जागा ठेवायची, असं चार्जिंगवाल्याला सांगून टाकलं. ही सूचना गाडीच्या पुस्तकात कुठेतरी असेलही. पुस्तक इंग्रजीत होतं आणि ऑफिसच्या कपाटात होतं.

आमच्यातले सगळे पास झाले नाहीत. एक जण आहेत, वयाने माझ्याहून बरेच मोठे, डिझेलवर त्यांचा हात म्हणजे लोणी. त्यांचा डावा पाय शेवटपर्यंत ऐकेना. मास्तरांनी कागदावर लिहिलं, 'या गाडीसाठी तूर्त नको.' ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, माझ्याशी तर महिनाभर. माझ्यामुळेच हे सगळं सुरू झालं असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नाही. शेठनी त्यांना ट्रॅव्हलरवर ठेवलं, पगार तोच. हे मॅडमनी आधीच लिहून घेतलं होतं की 'तूर्त नको' म्हणून कुणाचा पगार कापायचा नाही. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून कुणीच 'मला जमत नाही' म्हणाला नसता.

नवा कागद एका पानाचा आहे आणि मराठीत आहे. गाडीचा प्रकार, जागेवर काय काय शिकवलं, रस्त्यावर कुठल्या रूटला शेजारी बसून चालवून घेतली, उतार कुठला, पाऊस होता का. खाली तीन सह्या: शिकलेल्याची, शिकवणाऱ्याची आणि शेठची. शेठच्या सहीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. ते म्हणाले, "मी कुठं गाडी चालवणार आहे? माझी सही कशाला?" मॅडम म्हणाल्या, "चावी तुम्ही देता ना." शेठनी पेन उचललं, पण आधी त्या कागदातलं प्रत्येक वाक्य वाचलं. जुना कागद त्यांनी कधी वाचला होता असं मला वाटत नाही.

भत्त्याचं मात्र राहून गेलं. शिकण्याच्या दिवसाचा पगार मिळाला, भत्ता बुडाला तो बुडालाच, आणि रविवार गेले ते गेले. मास्तरांना शेठ दिवसाचे पैसे देतात, त्यात पुढच्या गाड्यांचंही ठरवून टाकलंय. आता ऑटोमॅटिक छोट्या गाड्या येताहेत तेव्हा त्यांना परत बोलावलं.

अजून एक भोक आहे, आणि ते मोठं आहे. बदली ड्रायव्हर. गणपतीत आम्ही निम्मे लोक गावाला जातो. तेव्हा नाक्यावरून कुणीतरी बोलावलं जातं, लायसन्सचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवतात आणि चावी हातात. गेल्या गणपतीत यार्डातल्या वॉचमनने अशा एकाला इलेक्ट्रिकची चावी दिली नाही. म्हणाला, "तुझा कागद दाखव." त्याला कुणी असं सांगितलेलं नव्हतं, तो आम्हाला रविवारी शिकायला जाता-येताना बघायचा तेवढंच. बदलीवाल्याने शेठला फोन लावला, दोघांचं वाजलं. शेवटी शेठनी त्या रूटवर डिझेलची ट्रॅव्हलर पाठवली, ती लहान पडली म्हणून दोन खेपा करायला लावल्या, आणि वॉचमनला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशीही चावी त्याच्याकडेच होती.

लग्नाच्या ट्रिपांबद्दल कागदात काहीच नाही. कंपनीचा रूट नसला की मॅडमची अटही लागू नाही, आणि रविवारी त्याच बस वऱ्हाड घेऊन सासवड, जेजुरीकडे जातात, परतताना दिवेघाट उतरतात. त्या दिवशी चावी कुणाला द्यायची, हे मी शेठना विचारून ठेवलंय. ते म्हणाले, सीझन तर येऊ दे.